पिवळ्या रेघेचं चाक

“दोन दुकानांत अलाइनमेंट केली अक्का, दोन. चारी टायर नवे टाकले. अन् तुमी म्हणताय करणारच न्हाय. मग पाटीवर कशाला लिवून ठेवलंय?”

“पाटी धड गाड्यांसाठी हाय. हिची हाडं खिळखिळी झाल्यात अन् तुमी केस विंचरत फिरताय.”

“म्हंजी आधीचे दोघं येडे?”

“ते कशानं येडे? पैसे घेऊन मोकळे झाले. येडं कोण ठरलं, ते मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर बोलत न्हाय.”

गिऱ्हाइकाला हसावं की चिडावं कळेना. पोरगा पंचविशीचा, नाव कृष्णराज. पुण्यात कंपनीत नोकरी, दसऱ्याला गावी आलेला. गाडी मात्र त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी, पांढरी अँबॅसिडर. साठच्या पुढं गेली की तिचं स्टिअरिंग थरथरायचं, हात जरा सैल सोडला की ती डावीकडं ओढायची आणि गतिरोधकावरून उतरताना खाली कुणीतरी खलबत्ता आपटल्यासारखा खटका वाजायचा. आज अष्टमी. उद्या खंडेनवमीला आईला घेऊन तुळजापूरला देवीची परडी भरायला जायचं, म्हणून त्याला गाडी आजच्या आज पाहिजे होती. पेट्रोल पंपावर कुणीतरी सांगितलं, पुढच्या चाकांचं काम असेल तर हायवेच्या कडेच्या त्या बाईकडं न्या, ती हात लावून सांगते. म्हणून तो उमरग्याच्या बाहेरच्या या पत्र्याच्या शेडात आला होता.

ती बाई म्हणजे चन्नम्मा. वय एकेचाळीस, साडीवर नवऱ्याचा जुना खाकी शर्ट, पदर कमरेला गच्च खोचलेला. नवरा शांतलिंग ट्रकवर हैदराबादच्या लाइनला. महिन्यातले वीस दिवस घरात त्याचा शर्टच तेवढा. गाडी शेडात शिरली तेव्हाच तिनं नंबर प्लेट वाचली होती. शेवटचे चार आकडे. चौदा वर्षांत ते आकडे तिनं कुठं लिहून ठेवले नव्हते, तशी गरजच पडली नव्हती. पोराला ती कोण हे ठाऊक नव्हतं आणि पोरगा कुणाचा हे तिला ठाऊक झालं होतं. म्हणून तर ती जरा जास्तच तिखट बोलत होती.

शेडाच्या मागच्या अंगाला, रॉकेलच्या पत्र्याच्या डब्यासमोर तिचा बाप बसला होता. शरणप्पा. बहात्तर वर्षांचा, डोक्याला मळका पटका. कुणाच्या तरी टेम्पोचं बेरिंग तो जुन्या ब्रशनं धूत होता. एक एक गोळी उजेडाकडं धरायची, फिरवायची, फडक्यावर ठेवायची. चौदा वर्षं तो एवढंच काम करत होता. धुणं, पुसणं आणि ऐकणं. पाना त्यानं पुन्हा हातात धरला नव्हता.

एक काळ असा होता की सोलापूर ते हुमनाबाद पट्ट्यात पुढच्या चाकाची काही तक्रार आली, की लोक शरणप्पाचं नाव घ्यायचे. त्याच्या कामाला एक खूण असायची. चाक बसवलं, नट आवळून झाले, की तो पिवळ्या ऑइलपेंटमध्ये काडी बुडवायचा आणि प्रत्येक नटावरून चाकाच्या पत्र्यावर उतरणारी एक बारीक रेघ ओढायचा. नट तसूभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसायची. आवळल्याशिवाय रेघ नाही, हा त्याचा नेम. ड्रायव्हर लोक लांबच्या खेपेला निघताना वाकून पिवळी रेघ बघायचे आणि बिनघोर जायचे.

मग ती खंडेनवमी आली. कृष्णराजचा बाप अण्णाराव आदल्या दिवशी हीच गाडी ब्रेकच्या कामाला घेऊन आला होता. शरणप्पानं ब्रेक केले, चाकं बसवली आणि गाडी एक चक्कर फिरवून आणली. उजवं पुढचं बेरिंग ओरडत होतं. त्यानं सांगितलं, मालक, हे बेरिंग गेलंय. नवं सोलापुरास्नं मागवावं लागेल, उद्या हत्यारं पूजेला बसतात, दसरा झाला की करून देतो, तवर गाडी हलवू नका. सकाळी अण्णाराव पुन्हा हजर. शेडात सगळे पाने, हातोड्या, जॅक पाटावर मांडलेले, हळदकुंकू वाहिलेलं, झेंडूची माळ घातलेली. अण्णारावची आई सखूबाई दारात, काखेत परडी. त्या वेळी सत्तावीस वर्षांची चन्नम्मा आत पुरण वाटत होती आणि तिनं कानांनी ऐकलं होतं. अण्णाराव म्हणाला होता, देवीचं काम बेरिंगसाठी थांबवू व्हय? आणि किल्ली उचलून निघून गेला.

अणदूरच्या अलीकडं उजवं पुढचं चाक निघून रस्त्याकडेच्या ज्वारीत गेलं. गाडी कलंडली. सखूबाईचं खुब्याचं हाड मोडलं. म्हातारी दोन वर्षं खाटेवर काढून गेली.

आणि गावात गोष्ट आली ती अशी: शरणप्पानं हत्यारं पूजेला मांडायच्या घाईत नट आवळलेच नव्हते. चाकाचा पाना देवापुढं, नट नुसते बोटानं फिरवलेले. सांगणारा स्वतः अण्णाराव. गोष्ट इतकी चपखल होती की कुणाला दुसरी गोष्ट हवीच नव्हती. शरणप्पा चालत अण्णारावच्या वाड्यापर्यंत गेला होता. म्हणाला होता, एकदा ते चाक दाखवा मला. अण्णारावनं दारातनंच सांगितलं, तुझं तोंड दाखवू नको. गाडी सोलापुरात दुरुस्त झाली. चाक कुणी पाहिलं नाही.

सगळ्यात वाईट काय झालं, तर काही महिन्यांनी शरणप्पाला स्वतःलाच ते पटलं. आवळले होते का मी? रेघ ओढली होती का? तो चन्नम्माला विचारायचा. तिला कसं माहीत असणार, चाकं बसली तेव्हा ती आत घरकामात होती. पूजेची घाई होती हे खरं, झेंडू आणायला तो मधेच उठून गेला होता हेही खरं. एका सकाळी त्यानं हातातला पाना खाली ठेवला, तो ठेवलाच. मग धंदा चन्नम्मानं उचलला. बाप खुर्चीत बसून सांगायचा, ती गाडीखाली झोपून करायची. हात तिचे, कान त्याचे.

आणि दर खंडेनवमीला स्टँडसमोरच्या धोंडीबाच्या हॉटेलात कुणीतरी चहा फुंकत म्हणायचंच, आज गाडी शरणप्पाकडं नेऊ नका रं, नट देवापुढं असत्यात. मग हशा. धोंडीबाचा सगळ्यात मोठा. चौदा वर्षांत तो विनोद शिळा झाला नव्हता. बाजाराला जाताना चन्नम्मानं तो दोनदा कानांनी ऐकला होता. तेव्हापासून रात्री पाठ टेकली की ती मनात अण्णारावला त्याच हॉटेलात उभं करायची आणि त्याच्या तोंडून खरं वदवून घ्यायची. कधी तो रडायचा, कधी हात जोडायचा. हे नाटक तिनं इतक्यांदा बसवलं होतं की तिच्या बाजूचे संवाद तिला पाठ होते.

आज ती गाडी आपल्या पायानं शेडात आली होती.

“हात तरी लावून बघा,” कृष्णराज जरा नरमून म्हणाला.

चन्नम्मानं आधी पुढच्या मडगार्डवर दोन्ही तळवे टेकून गाडी दाबली आणि सोडली. गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी होती, ती तीनदा डुलली. शॉकअप गेलेले. मग ती उकिडवी बसली आणि टायरवरून आडवा तळहात फिरवला. नवा टायर दोन महिन्यांत आतल्या कडेला गुळगुळीत झाला होता, बाहेरची नक्षी शाबूत. तिनं पोराचा हात धरून तिथं फिरवला. म्हणाली, बघा, तुमचे टायरचे पैसे हिथनं गेले. अलाइनमेंट करणाऱ्यानं माप जुळवलं, पण ज्यावर जुळवलं तेच हलतंय. दुकानाबाहेर पडेस्तोवर माप गेलं.

मग तिनं डावं चाक जॅकवर उचललं. एक हात वर, एक हात खाली, आणि चाक स्वतःकडं-पलीकडं हलवलं. खट. खट. पोराला आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि पुन्हा हलवलं. खटका तसाच.

“ब्रेक दाबल्यावर चाक मागच्या प्लेटीला धरून एक व्हतं,” ती त्याला सांगू लागली. “बेरिंग ढिलं असंल तर मग आवाज बंद पडायला पायजे. न्हाय पडला. म्हंजी दुखणं बेरिंगच्या मागं हाय, बॉल जॉइंटात. तुमचा खलबत्ता तो हितं.”

उजव्या बाजूला तेच केलं. तिथंही चाक हललं, पण ब्रेक दाबल्याबरोबर आवाज गप झाला. ब्रेक सोडवून तिनं चाक हातानं गरगर फिरवलं आणि दुसऱ्या हाताची बोटं चाकामागच्या लोखंडी आर्मवर ठेवली. बोटांना बारीक खरखर लागली, जात्यात वाळू सापडल्यासारखी.

मागं रॉकेलच्या डब्यात ब्रश थांबला.

“चन्ना,” शरणप्पा म्हणाला, मान वर न करता, “उजवं बेरिंग.”

“व्हय आप्पा.”

“कुणाची गाडी?”

“पुण्याची हाय,” ती म्हणाली. ते अर्धं खरं होतं.

खरं तर एवढ्यात सगळं निदान झालं होतं. एकच राहिलं होतं, स्टिअरिंगची थरथर. ती ढिल्या जोडांची, की एखाद्या चाकाची रिमच वाकडी? ते ठरवायला पुढचं एक चाक बदलून बघावं लागतं. तिनं स्टेपनी काढायला सांगितली. पोरगा म्हणाला, स्टेपनी नका काढू, ती कधी काढतच नाही आम्ही. आण्णा हात लावू देत नाहीत. पंक्चर झालं तरी दुसऱ्या गाडीवरनं माणूस बोलावतात.

“का बरं?”

“काय माहीत. जुनं चाक हाय, हवा बी न्हाय त्यात.”

चन्नम्मानं डिक्की उघडली. वरची घोंगडी बाजूला केली. टायर वाळून भेगाळलेला, एका बाजूनं फाटलेला. रिमच्या कडेला चेंबल्याची खूण. तिनं ओल्या फडक्यानं मधला पत्रा पुसला, एकदा, दोनदा. आणि मग ती बराच वेळ डिक्कीत वाकूनच राहिली. कृष्णराजला वाटलं, बाईची पाठ धरली.

नटाच्या प्रत्येक भोकाशेजारी पिवळ्या रंगाची अर्धी रेघ होती. उरलेली अर्धी नटाबरोबर गेलेली.

तिनं भोकात करंगळी घालून फिरवली. भोक गोल होतं. एक नाही, सगळी. नट ढिले राहून चाक पळालं असतं, तर चाकानं बोल्टांवर डुगडुगत ती भोकं लांबट करून टाकली असती, कडा चावलेल्या असत्या. ही कालच पाडल्यासारखी होती. म्हणजे चाक नटांतून सुटलं नव्हतंच. बेरिंग तापून धरलं, आतला दांडा तुटला आणि चाक ड्रमसकट निघालं, नट जिथल्या तिथं आवळलेले. ज्यानं कुणी ज्वारीतून ते उचलून आणलं, त्यानं हे डोळ्यांनी बघितलं असणार. उचलून आणणारा एकच माणूस होता, अण्णाराव.

तिनं घोंगडी पुन्हा चाकावर ओढली. बापाकडं पाहिलं. तो गोळ्या मोजत होता.

“काय झालं, अक्का?”

“चहा सांगते,” ती म्हणाली.

चहा येईपर्यंत तिच्या मनात जे आलं, ते तिनं पुढं कुणाला सांगितलं नाही. काही करायचं नव्हतं. अलाइनमेंट करून पावती फाडायची आणि गप्प बसायचं. उद्या सकाळी ही गाडी निघाली असती. आत अण्णाराव, त्याची बायको, काखेत परडी, आणि खाली पुन्हा उजवंच बेरिंग गेलेलं. तोच रस्ता, तीच ज्वारी. तिनं तो विचार लवंगेसारखा दाढेत धरून ठेवला. चहा संपेपर्यंत त्याची चव छान लागली. मग दोन गोष्टी आड आल्या. पहिली ही की स्टिअरिंगवर हा पोरगा असणार, आणि तो तिला सकाळपासून अक्का म्हणत होता. दुसरी जास्त वजनाची. गाडी पलटली तर धोंडीबाच्या हॉटेलात पुन्हा शरणप्पाचंच नाव निघणार, आणि अण्णाराव पुन्हा बिचारा ठरणार. एवढी सूट तिला त्याला द्यायची नव्हती.

तिनं कप खाली ठेवला. म्हणाली, “तुमच्या आण्णांना बोलवा. गाडी मी त्यांच्याच हातात देणार.”

पोरगा म्हणाला, ते कशाला, मोतीबिंदू झालाय त्यांना, मला सांगा ना. ती म्हणाली, त्यांनी आल्याबिगर ही गाडी जॅकवरनं खाली येत न्हाय. त्यानं फोन लावला. दुकान कुठलं, ते बापानं विचारलं असावं, कारण पोरगा पाटी वाचू लागला. वाचून झालं आणि बघतो तर फोन बंद झाला होता.

तरी अर्ध्या तासात अण्णाराव आला. कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून, काळा चष्मा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. चौदा वर्षांनी तो या शेडाच्या उंबऱ्याशी उभा होता आणि आत पाऊल टाकत नव्हता. आधी पोरावर घसरला, उमरग्यात दुसरं दुकान नव्हतं का म्हणून. मग मागं बसलेल्या शरणप्पाकडं त्याची नजर गेली आणि तशीच वळली. शरणप्पानं त्याला ओळखलं. उठला नाही. पटका काढून पुन्हा बांधला फक्त.

“बोल बाई. काय खर्च हाय तेवढा सांग,” अण्णाराव म्हणाला.

“खर्च मागनं. आधी गाडीत बसा, काका.”

“मला दिसत न्हाय. मी चालवत न्हाय.”

“चालवते मी. तुमी मागं बसा.” तिनं तोवर गाडी जॅकवरनं उतरवून किल्ली हातात घेतली होती. मागचं दार उघडून धरलं. “आजी कुठं बसली होती? डाव्या अंगाला का उजव्या?”

अण्णारावनं चष्मा काढला. पोरगा दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिला. अण्णाराव उजव्या बाजूला बसला. तो का बसला, हे चन्नम्माला नंतरही नीट कळलं नाही. नाही म्हणून तो निघून गेला असता, तर तिच्याकडं त्यावर संवाद नव्हता.

तिनं हायवेच्या बाजूच्या रस्त्याला गाडी घेतली. तिसावर ठेवली. खालून बारीक घरघर येत होती.

“आता डावीकडं वळते,” ती आरशात बघत म्हणाली. “डावीकडं वळलं की गाडीचं वजन उजव्या चाकावर जातं. ऐका.”

वळली. घरघर वाढली, जाड झाली, सीटमधून कंबरेत शिरली.

“आता उजवीकडं. आता वजन निघालं.” घरघर खाली बसली. “पुन्हा डावीकडं.”

असं तिनं तीनदा केलं. पुलाखालून वळायचं, परत यायचं, पुन्हा वळायचं. दर वेळी आधी सांगून. आरशात अण्णारावचा हात समोरच्या सीटची पाठ आवळताना दिसत होता. चौथ्या वेळी वळायला लागली तेव्हा तो म्हणाला, “थांबीव.”

तिनं गाडी कडेला घेतली.

“ओळखीचा हाय का आवाज?”

त्यानं खिडकीची काच खाली घेतली. मग म्हणाला, “आई म्हणाली होती.”

“काय?”

“नळदुर्गाकडं निघाल्यापास्नं दोनदा म्हणाली. आण्णा, खाली कुणीतरी दळतंय बग. मी म्हणलं, देवीला निघाल्यावर तोंडातनं असलं काय काढू नको.” त्यानं चष्मा पुसला, पण डोळ्यांवर चढवला नाही. “तुझ्या बापानं बी सांगितलं होतं. दोघांनी सांगितलं होतं.”

हे वाक्य तिनं चौदा वर्षं मागितलं होतं. ते ऐकून अंगात काहीतरी थंड होईल, असं तिला वाटत होतं. झालं उलटंच. माहीत होतं, सगळं माहीत होतं, आणि हा माणूस दर दसऱ्याला धुतलेला शर्ट घालून त्या हॉटेलवरून गेला होता. तिनं गिअर टाकला आणि गाडी शेडात आणली.

मग तिनं डिक्कीतून ते चाक एकटीनं उचललं. पोरगा हात लावायला आला, त्याला कोपरानं बाजूला सारलं. फरशीवर चाक आडवं टाकलं, धप. फडक्यानं मधला पत्रा पुसला.

“पोराला सांगा हे काय हाय,” ती म्हणाली. “सांगा, की मी सांगू?”

अण्णारावनं सांगितलं नाही, म्हणून तिनं सांगितलं. भोकं दाखवली, रेघा दाखवल्या. नट आणून एक एक भोकात बसवला, तो जरासुद्धा हलत नाही ते पोराला बोटानं बघायला लावलं. कृष्णराज त्या वेळी अकरा वर्षांचा होता. त्याला घरात जे सांगितलं गेलं होतं, तेच तो आजवर खरं मानत आला होता. तो बापाकडं बघून म्हणाला, “आण्णा, म्हणून हात लावू देत नव्हता व्हय?” त्यात चढा आवाज नव्हता. तरी अण्णारावला ते झोंबलं, कारण तो पहिल्यांदाच मागं सरून मोटरसायकलच्या सीटला टेकला.

“फेकून का दिलं न्हाय?” चन्नम्मानं विचारलं. “विहिरीत टाकायचं. भंगारात घालायचं. मला कधीच कळलं नसतं.”

“टाकवलं न्हाय,” तो म्हणाला. “दोनदा काढलं. न्हाय टाकवलं.”

“मग चला आता. धोंडीबाच्या हॉटेलात. आज अष्टमी हाय, समदे तिथंच असतील. उद्या परत ते नटाचं बोलतील, त्याच्या आधी तुमी बोला. काय घडलं तेवढंच बोला. जास्त नको, कमी नको.”

अण्णारावचा चेहरा बदलला. आतापर्यंत तो आईचा लेक होता, आता पुन्हा मालक झाला. म्हणाला, हे बघ, चारचौघांत नको. ह्याचं लग्न ठरतंय, पावणे याच भागातले आहेत. इथं पाहिजे तेवढं बोल, मी मान खाली घालतो. दुकानाला नवी मशीन घेऊन देतो, अलाइनमेंटची, कॉम्प्युटरवाली. उमरग्यात कुणाकडं नसंल अशी. आणि पुढच्या साली देवीला तुझ्या बापाला माझ्या गाडीत घेऊन जातो, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

“तुमच्या गाडीत?” चन्नम्मा म्हणाली. “ह्या बेरिंगवर?”

पोरगा नकळत हसला.

“तुझ्याशी बोलून फायदा न्हाय,” अण्णाराव म्हणाला आणि पहिल्यांदा सरळ मागं बघून बोलला. “शरणप्पा, तुमी सांगा पोरीला. तुमी जाणते हाव. झालं ते झालं. तुमी मन मोठं केलं तर हे हितंच मिटतंय. मिटवायचं ना?”

शरणप्पा उठला. फडक्याला हात पुसले, एक एक बोट. गुडघे धरत चाकापाशी आला आणि खाली बसला. त्यानं भोकांत बोट घातलं नाही. सरळ पिवळ्या रेघेवर अंगठा ठेवला, जुन्या, कडक झालेल्या, आपल्याच हाताच्या रेघेवर. पहिलीवर, मग दुसरीवर. अशा सगळ्या रेघा झाल्या. बाहेरून ट्रक जात होते.

मग तो भिंतीकडं गेला. उद्या पूजेला मांडायची म्हणून चन्नम्मानं हत्यारं काढून एका पोत्यावर ठेवली होती. त्यातून त्यानं चाकाचा लांब पाना उचलला आणि खांद्यावर टाकला. परत आला, वाकला, आणि ते फाटक्या टायरचं चाक उभं केलं.

“आप्पा,” चन्नम्मा म्हणाली. तिच्या नाटकात हा प्रवेश नव्हता. “मी येऊ का?”

त्यानं मान हलवली, नको.

“शरणप्पा, कुठं निघालाव?” अण्णाराव उंबऱ्यात आडवा झाला. “ते चाक माझं हाय. ऐकताय का? लोकांत काय सांगणार तुमी? अवो, मी म्हणतोय ना मिटवू...”

शरणप्पानं चाक त्याच्या पायाशी नेलं आणि थांबला. अण्णारावला बाजूला व्हावं लागलं. मग म्हातारा एका हातानं चाक ढकलत, दुसऱ्या हातानं खांद्यावरचा पाना धरत बाहेर पडला. बिनहवेचा टायर डांबरावर फतफत वाजत स्टँडसमोरच्या हॉटेलाच्या दिशेनं निघाला.